बादलीतलं वावर

खोली बघायला गेले तेव्हा जिभाऊंनी भाडं सांगायच्या आधी मला विचारलं, “ताई, तुमना जोडे मच्छरदानी शे का?”

आहे म्हटलं. नोकरी नंदुरबारला लागली हे कळल्यावर आईने सगळ्यात आधी तीच बांधून दिली होती.

“नवी का जुनी?”

“नवी.”

त्यांचा चेहरा पडला. मग स्वतःचीच समजूत घालत म्हणाले, “व्हई, जुनी बी व्हई. फाटनी का फेकू नका. मले देज्यात.”

घरमालक जरा सटकलेला आहे, असं मी त्या संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. पुढे तीन वर्षं मी त्यांच्या घरात राहिले आणि माझं हे मत काही बदललं नाही. फरक इतकाच की तेव्हा मी ते हसत सांगत होते, आणि आता कुणी ऐकून घेणारं भेटलं तर मान ताठ करून सांगते.

जिभाऊ हे त्यांचं नाव नव्हे. खानदेशात मान असलेल्या वडीलधाऱ्या माणसाला जिभाऊ म्हणतात, आणि गल्लीत त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, त्यासुद्धा “तुमना जिभाऊले इचारा, जेवतस का” असं मलाच सांगायच्या. आयुष्यभर त्यांनी मिरचीच्या बाजारात मापाड्याचं काम केलं. पोतं काट्यावर चढवायचं, वजन मोठ्याने पुकारायचं आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. शेतकऱ्याला वाटे मापाडी व्यापाऱ्याचा, व्यापाऱ्याला वाटे शेतकऱ्याचा. “दोन्ही शिव्या देतस म्हनजे काटा सरळ शे,” असं जिभाऊंचं त्यावर म्हणणं. इतकी वर्षं लाल मिरचीत उभं राहून त्यांचं नाक कायमचं गेलं होतं. हात मात्र असा तयार झाला होता की वस्तू तळव्यावर घेतली की वजन सांगायचे. मी एकदा माझी पर्स दिली. त्यांनी ती दोनदा वरखाली केली. “अडीच किलो. दगडं भरतीस का काय?” वजन बरोबर निघालं. मी कृषी खात्यात होते आणि पर्समध्ये मातीचे नमुने होते.

घरी त्यांचा काटा सरळ नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुना तराजू हौसेने आणला होता. गच्चीवरचं जे काही कुणाला द्यायचं, मग ती चार गिलकी, म्हणजे घोसाळी, असोत की ओंजळभर भेंडी, ते आधी त्यात तोलायचं. पारडी बरोबर आली की क्षणभर थांबायचं आणि मग हातात येईल तेवढं आणखी वर टाकायचं. त्याला ते ‘वरनी मूठ’ म्हणत. “नोकरीमा एक दाना वर टाकाना हक नही व्हता. आते शे,” म्हणायचे. त्या वरच्या मुठीशिवाय त्यांच्या घरातून कुणाला काही मिळालेलं मला आठवत नाही.

गच्चीवर पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा मला मच्छरदाण्यांचं कोडं उलगडलं. सायकलच्या जुन्या रिंगा अर्ध्या कापून त्यांच्या कमानी केलेल्या, आणि कमानींवर गल्लीभरच्या फाटक्या मच्छरदाण्या चढवलेल्या. हिरव्या, निळ्या, एक भडक गुलाबी. ठिगळं काकूंनी मारलेली, कडा विटांखाली दाबलेल्या, तोंडं कपड्यांच्या चिमट्यांनी बंद. आत वांगी आणि भेंडी. बायका रस्त्यावरून वर बोट दाखवून एकमेकींना सांगायच्या, ती गुलाबी आमची, लग्नातली. आपल्या मच्छरदाणीत आता जिभाऊंचं वांगं झोपतंय याचं त्यांना भारी कौतुक होतं.

वांग्यातली अळी जाळीने अडते, हे मी पदवीला शिकले होते. जिभाऊंना ते असंच कळलं होतं. एकदा काकूंनी धुतलेली मच्छरदाणी वांग्याच्या रोपांवर वाळत घातली आणि चार दिवस विसरल्या. तेवढीच रोपं अळीवाचून सुटली. औषध फवारायला मात्र त्यांचा साफ नकार. “मिरचीसंगे सम्दं औषध नाकमा गयं मन्हा. आते बास.”

जाळीत वारा कमी लागतो म्हणून ते रोज सकाळी एका काडीने वांग्याच्या प्रत्येक झाडाला टिचकी मारत आणि “ऊठ रे” म्हणत. हे पाहिलं त्या दिवशी मी खाली येऊन काकूंना विचारलं होतं, की यांना कुणा डॉक्टरला दाखवलंय का. मग माझ्याच जुन्या वहीत सापडलं की वांग्याचं फूल हललं की फळ चांगलं धरतं. डॉक्टरचा विषय मी पुन्हा काढला नाही.

पुढे जाळीवर त्यांचा विश्वास इतका बसला की त्यांनी गिलक्याचा वेलही झाकून टाकला. वेल मांडवभर पसरला. पिवळी फुलं रोज उमलायची आणि रोज गळायची, एक गिलकं धरेना. महिनाभर त्यांनी खत बदललं, ताक घातलं, काकूंकडून वेलाची दृष्टसुद्धा काढून घेतली. मी रोज तिथे उभी राहून चहा पीत होते आणि मलाही काही सुचलं नाही. एका सकाळी एक मधमाशी जाळीवर बाहेरून धडका देत होती. आत फूल आणि बाहेर माशी. जिभाऊ तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले, मग हळूच माझ्याकडे वळले.

“मॅडम,” ते म्हणाले. रागावले की मी ताईची मॅडम व्हायचे. “तुमना पदवीमा मधमाशीना धडा नही व्हता का?”

होता. चांगला मोठा होता, आणि त्यात मला मार्कही बरे होते. मी मुकाट्याने चहा संपवला.

त्या दिवसापासून गिलक्याच्या जाळीला दार झालं. उजाडताच उघडायचं आणि नऊला बंद. बाजारात लिलावाची वेळ ठरलेली असते, तशी मधमाश्यांचीही ठरली. नऊनंतर एखादी आत राहिली तर तिला वाटीखाली धरून बाहेर सोडायचे आणि बजावायचे, “सकाय ये. येळवर ये.”

पण गिलकी, वांगी हा सगळा वरवरचा संसार. त्यांचा खरा जीव होता बटाट्यात. बटाटे लावायचे ते रंगाच्या रिकाम्या बादल्यांत, तोंडं दुमडलेल्या खताच्या गोण्यांत आणि कोपऱ्यावरच्या शेठजींच्या दुकानातून आलेल्या तेलाच्या डब्यांत. शेठजी जैन. जमिनीखालचं काही खात नसत, बटाटा दुकानातही ठेवत नसत, पण डबे मात्र स्वतः धुऊन पाठवायचे. बदल्यात त्यांना गिलकी जायची, अर्थात वरच्या मुठीसकट.

दिवाळी झाली की गुजरातेतून बियाण्याचे बटाटे यायचे. डोळे बघून कापायचे, कापलेल्या अंगाला राख चोळायची, दोन दिवस सावलीत ठेवायचे. बादलीच्या बुडाशी वीतभर माती आणि त्यात फोड. कोंब वर आला की त्याच्यावर पुन्हा माती. पुन्हा आला की पुन्हा माती, असं करत बादली काठोकाठ भरेपर्यंत झाडाला फार मान वर काढू द्यायची नाही. आणि काही झालं तरी आत हात घालून बघायचं नाही. मला राहवलं नाही, एकदा बोट घातलंच. त्यांनी लांबून पाहिलं. “पोटमा हात घालीसन दखतस का कोनी? येवानं व्हई तव्हय येई.” आता माझ्या बाल्कनीत दोन बादल्या आहेत आणि मी घरच्यांना हाच दम देते.

मी आले त्या पहिल्या वर्षी झाडं अशी माजली होती की बघत राहावं. जिभाऊंनी गल्लीला बोलावलं आणि सगळ्यांसमोर पहिली बादली उपडी केली. चार बटाटे निघाले, बोरांएवढे. दुसऱ्या बादलीत तीन. कुणी हसलं नाही आणि ते जास्त वाईट होतं. जिभाऊंनी पहिले चार तळव्यावर घेतले आणि सवयीने वजन पुकारलं, “साठ ग्राम!” मग तराजू आणून तोलले. साठच भरले. मी तोंड फिरवून हसून घेतलं.

पण त्यावर उपाय मी सांगितला, हेही सांगू द्या. काळ्या बादल्या, सिमेंटची गच्ची आणि नंदुरबारचं ऊन. माती तापली की बटाटा धरत नाही. बादल्यांना चुना लावा आणि बाहेरून ओलं बारदान गुंडाळा, असं मी सुचवलं. चुना लागला. बारदानासाठी जिभाऊ थेट आपल्या जुन्या बाजारात गेले आणि मिरचीची रिकामी पोती घेऊन आले. ती धुवायची नाहीत असं त्यांनीच ठरवलं, का तर तिखटाने कीड पळेल. पाणी मारायच्या आधी त्यांनी ती एकेक करून कठड्यावर झटकली. दुपारचा वारा होता. भाजीवाला शिंकत शिंकत गाडी ढकलत गेला, शेठजींनी शटर अर्धं खाली ओढलं, काकू तोंडाला पदर बांधून वर धावल्या. आणि जिभाऊ हातात पोतं घेऊन मधोमध उभे, नाकाला कशाचाच पत्ता नाही. “काय व्हयनं सम्दास्ले?” असं पुन्हा पुन्हा विचारत होते.

पोती धुतली. पुढच्या हंगामात बादलीमागे पाऊण किलो, कुठे किलोभर बटाटा आला. मी आनंदाने म्हटलं, झालं की आता. जिभाऊ म्हणाले, “अजून नही.” तेव्हा मी विचारलं की बाजारात बटाट्याचे ढीग पडलेले असताना एवढा आटापिटा कशासाठी. काकूंनी मला डोळ्यांनी खुणावलं, विचारू नको म्हणून. पण जिभाऊंनी सांगितलं.

त्यांचं गाव तापीकाठी. महाशिवरात्रीला तिथे महादेवाच्या देवळापुढे मोठी कढई चढते, उपवासाची भाजी होते आणि सगळी भावकी एका पंगतीला बसते. कढईचा नेम एकच. जो तो आपल्या मातीतलं आणतो, कुणी रताळी, कुणी बटाटे, कुणी शेंगा. मीठ आणि जिरं सोडलं तर विकतचं काही तिच्यात पडत नाही. जिभाऊंच्या घराचं वावर धाकटा भाऊ कसायचा, कारण हे बाजारात. तो भाऊ अचानक गेला. मागे बायको आणि दोन लहान मुली. दिवस झाल्यावर जिभाऊंनी आपली सगळी वाटणी त्या भावजयीच्या नावावर करून दिली; मी त्यांना वहिनी म्हणायचे. पगार आहे, मला वावर कशाला, म्हणाले. सगळ्या गावाने वाहवा केली. पुढच्या शिवरात्रीला ते कढईपाशी गेले आणि तिथे उभं राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपले हात रिकामे आहेत. वहिनींनी आपली रताळ्यांची टोपली त्यांच्याकडे सरकवली, तुमचीच आहेत म्हणून. त्यांनी टोपलीला हात लावला नाही.

“पंगतमा बसनू ताई. सम्दासनी मान दिधा. पन घास उतरना नही. मन्हाच गावमा मी पाव्हना व्हई गयू.”

तेव्हापासून ते शिवरात्रीला गावी गेले नव्हते. कढईत आपलं डोळ्यांत भरेल एवढं काही पडेल त्या वर्षी पंगतीला बसायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. “मी शेतकरी शे का नही, हाई ठरावानं शे,” ते म्हणाले. मला भरून आलं. आणि त्या साठ ग्रामला मी हसले होते याची लाज वाटली.

त्या वहिनी अधूनमधून शहरात यायच्या. त्यांच्याकडे धाकट्याची बायको थोरल्या दिराशी बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि जे काय सांगायचं ते तिसऱ्याकरवी. तिसऱ्या म्हणजे काकू, आणि काकू कामात असल्या की मी. दोघं तीन पावलांवर असायची. वहिनी मला सांगायच्या, “त्यास्ले सांगा, पट्टाभर तरी वावर परत ल्या.” जिभाऊंनी ते स्वच्छ ऐकलेलं असायचं, पण मी वळून सांगितल्याशिवाय ते उत्तर देत नसत. “तिले सांगा, दिधं ते दिधं.” मी पुन्हा वळायचे. दोघांना वावराची तेवढीच काळजी, आणि मान माझी दुखायची.

एकदा वहिनींनी एस.टी.तून काळ्या मातीचं पोतं आणलं, बादल्यांसाठी. “वावर नही तं नही, माटी तरी ल्या म्हना.” जिभाऊंनी पोत्याचं तोंड सोडलं. मूठभर माती घेतली, नाकापाशी नेली, जणू वास येणार होता. बराच वेळ तशीच धरली. मग मूठ आत रिकामी केली, तळवा पोत्यावर झटकला आणि तोंड बांधून टाकलं. संध्याकाळच्या गाडीने पोतं परत गेलं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं. मला जिभाऊंचा भयंकर राग आला आणि मी तो बोलून दाखवला. एवढा कसला ताठा, म्हटलं.

“तिनी माटी लिधी तं बटाटा तिना व्हई,” जिभाऊ म्हणाले. “मन्हा कसा व्हई?”

ते आपली माती आपण करत. गच्चीच्या कोपऱ्यात पत्र्याचे दोन ड्रम होते. गल्लीतला पाला, गाईगुरांचं शेण, शेठजींच्या दुकानातलं धान्याचं झाडण, बाजारातले मिरचीचे देठ, काकूंच्या हातची सालं, सगळं त्यांत जायचं. आठवड्याला ढवळायचं, पाणी शिंपडायचं, वर्षाने चाळायचं. ड्रमभर कचऱ्याची पाव ड्रम माती व्हायची. कुणी विचारलं, कोणतं खत वापरता, तर म्हणायचे, “येळ.”

तिसऱ्या वर्षी त्यांनी वीस बादल्या लावल्या आणि त्यांच्यावरही जाळ्या चढवल्या. थंडी चांगली पडली. शिवरात्र आठ दिवसांवर आली तेव्हा झाडं पिवळी पडली होती आणि त्यांनी पाणी तोडलं होतं. मी म्हटलं, एक बादली इथेच उपडी करून बघू. त्यांनी मान हलवली. वीसच्या वीस बादल्या तशाच गावाला न्यायच्या आणि देवळापुढे उपड्या करायच्या.

“घरथीन उकरी लई गऊत तं म्हनतीन, बाजारथीन लयेल शेतस.”

“आणि आत बोरंच निघाली तर?”

“तं सम्दा गाव दखी,” ते म्हणाले आणि चिमटे तपासायला गेले.

टेम्पो ठरवला. काकू पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या, आम्ही दोघं मागे बादल्यांच्या मधे. सगळ्या जाळ्या चढवलेल्या, गुलाबी सगळ्यात पुढे. रस्त्याने लोक थांबून बघत होते. जिभाऊंनी धुतलेला सदरा घातला होता आणि दोन्ही हातांनी दोन बादल्यांचे काठ धरले होते. गाव दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, “भ्याव वाटी ऱ्हायना का ताई?”

“हो.”

“मले बी.”

देवळापुढे चूल रचलेली होती, तिच्यावर कढई. एका बाजूला बायका रताळी धूत होत्या, त्यांत वहिनी. दुसऱ्या बाजूला माणसं बसली होती आणि मधे आबा, भावकीतले सगळ्यात वडील. वीस बादल्या उतरताना बघून कुणीतरी ओरडलं, “जिभाऊ, नर्सरी टाकी का?” सगळे हसले. जिभाऊ हसले नाहीत. त्यांनी गोणपाट अंथरलं, पहिल्या बादलीची जाळी काढून घडी करून काकूंकडे दिली, आणि बादली उपडी केली.

बादलीच्या आकाराचं मातीचं ढेकूळ तसंच उभं राहिलं. बटाटा एकही दिसेना. जिभाऊंनी दोन्ही हातांनी ते ढेकूळ मधोमध फोडलं आणि आतून बटाटे घरंगळले. मुठीएवढे, गोरेपान, एकामागून एक. मी मोजले नाहीत, मी ओरडत होते. त्यांनी ते ओंजळीत घेतले आणि बाजारातल्यासारखं पुकारलं, “सव्वा किलोऽ!” गावच्या दुकानदाराने काटा आणला. सव्वा किलो, आणि वर काटा एक बोट झुकलेला. मग दुसरी बादली, तिसरी. पाचवी फसली, तिच्यात दोनच निघाले. बाकीच्या बादल्यांनी लाज राखली. माणसं उठून भोवती जमली होती आणि नर्सरीवालाच बादल्या उचलून देत होता.

तेवढ्यात आबा काठी टेकत आले. त्यांनी एक बटाटा उचलून नखाने साल खरवडली, मान डोलावली. मग खाली वाकून माती चिमटीत घेतली आणि चोळली.

“माल चांगला शे. पन जिभाऊ, नेम आपली माटीना शे. हाई कोठली माटी? हाई ते कचरा शे.”

मला मातीवर भाषण ठोकायचं होतं, काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. जिभाऊ उभे राहिले. हात कोपरापर्यंत भरलेले होते, ते त्यांनी झटकले नाहीत.

“आबा, तुमनी माटी बापनी शे. बापनी दिधी, तुम्ही लिधी. मन्ही बी तशीच व्हती, ती मी दी टाकी. हाई माटी मी करेल शे. हिनाथून जास्त मन्हं असं मन्हा जोडे दुसरं काहीच नही.”

नेम मोडायचा की माणूस, असा प्रश्न आबांपुढे पडला होता, आणि त्यांना दोन्ही नको होतं. तेव्हा बायकांतून वहिनी उठल्या. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, हातात आपली रताळ्यांची टोपली. सगळ्या पुरुषांच्या मधून त्या सरळ गोणपाटापर्यंत आल्या, खाली बसल्या आणि जिभाऊंचे बटाटे गोळा करून आपल्या रताळ्यांत टाकायला लागल्या. टोपली भरली तसा आत हात घालून सगळं वरखाली केलं, आणि जाऊन पाण्याच्या घंगाळात ओतलं. दिरासमोर बोलायचं नसतं, तशा त्या एक शब्द बोलल्या नाहीत. परत आल्या आणि दुसरी टोपली भरायला बसल्या.

आबांनी घंगाळाकडे पाहिलं. आता त्यातून कुणाचं काय वेगळं काढायचं? त्यांनी काठी चुलीकडे केली.

“दखत काय बसनात? पेटाडा चूल.”

जिभाऊ पंगतीला बसले. मी मुद्दाम समोर बसले होते. पहिला घास त्यांनी तोंडात घातला, चावला, गिळला. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते त्यांनी बाहीने पुसलं.

“कसं झालंय?” मी विचारलं.

“तिखट कमी शे,” ते म्हणाले आणि दुसरा घास घेतला. त्या दिवशी त्या पंगतीत माझं कुणी नव्हतं, तरी माझ्याच घरचं कार्य असावं असा माझा ऊर भरून आला होता.

जेवणं झाल्यावर आम्ही माती परत बादल्यांत भरायला गेलो. जिभाऊ त्यातली चिमूटही कुठे सोडत नसत. पाहतो तर ढिगाचा एक कोपरा उकरलेला, आणि वहिनी त्या मातीने टोपलं भरून, डोक्यावर घेऊन वावराच्या वाटेला लागलेल्या. कुणाला विचारलं नव्हतं. जिभाऊ थबकले. त्यांनी परत पाठवलेलं ते पोतं मला आठवलं, आणि आता काय होतंय म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

“ताई,” ते म्हणाले, “तिले हाक मारा.”

मी हाक मारली. वहिनी थांबल्या. पाठमोऱ्याच राहिल्या, एका हाताने पदर पुढे ओढला.

“तिले सांगा, विहीरना जोडना कोपरामा टाकजो म्हना. तठली माटी हलकी शे.”

मी ओरडून सांगितलं. इतकी वर्षं वावरात पाय न ठेवलेल्या माणसाला तो कोपरा अजून पाठ होता. टोपलं सांभाळत वहिनींनी मान हलवली आणि पाऊल उचललं.

“थांब म्हना,” जिभाऊ घाईने म्हणाले. ते वाकले, ढिगातली मूठभर माती घेतली, तळव्यावर एकदा वरखाली केली आणि माझ्या हातात दिली.

मी धावत गेले आणि ती मूठ वहिनींच्या टोपल्यावर वर ठेवली.